भिंतीतला स्वयंपाकी

ओठांत टाचण्या धरून बोलणारी बाई फालतू बोलत नाही. फालतू शब्द सुटला तर टाचणीही सुटते. तिला सगळे टाचणीच म्हणत; नवरा, नणंद, गिऱ्हाइकं, सगळे.

नवीन कपडे ती शिवत नसे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पायाने चालणारं जुनं मशीन होतं आणि तिच्याकडे यायचे ते दुसऱ्याने बिघडवलेले कपडे. नाहीतर कपडे ठीक, माणूसच बदललेला: पोट सुटलेला, आजाराने खंगलेला, वडिलांचा कोट वाट्याला आलेला. तिची पद्धत ठरलेली. कपडा आधी उलटा करून बघायचा, शिवणीत किती माया, म्हणजे जादा कापड, सोडली आहे ते पाहायचं, मग उसवायचं. आणि काम झाल्यावर इथे कात्री लागली होती असं कुणालाही कळता कामा नये. "शिवण दिसली की मी संपले," ती म्हणायची.

तिला एक खोड होती, आणि ती तिच्या गावीही नव्हती. डोक्यात काही बेतत असली की तिचा उजवा पाय आपोआप पायडल मारायचा. जेवताना, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर. नवरा म्हणायचा, "टेबलाखाली कुणाचा झगा चाललाय गं?" ती म्हणायची, "वेड लागलंय तुम्हाला." आणि पाय चालूच.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तिने उभं आयुष्य बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून काढलं, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. येताना सगळं सामान आणलं, फक्त कामावरची नजर खात्यात जमा करायची राहिली. डाळीचा डबा कुणी उघडा टाकला, दाराची कडी कुणी लावली नाही, सगळं तिला कळे. फुकट्या प्रवासी ती शंभरांच्या गर्दीतून उचलायची. "तोंडाकडे बघायचंच नाही," ती सांगायची, "तोंड शिकलेलं असतं."

"मग कुठे बघायचं?"

"ते खात्याचं गुपित आहे."

आणि हे सगळं एका डोळ्यावर. डावा डोळा तिचा लहानपणापासून आळशी; त्याला आकार दिसायचे, हालचाल दिसायची, अक्षर म्हणून दिसायचं नाही. खात्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही. इतरांना पकडणारी स्वतः कधी पकडली गेली नाही.

नणंद-भावजयीचं वैर नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. एकीला हुकूम सोडायची सवय, दुसरीला तोंड बंद ठेवून आपल्याला हवं तेच करायची. दोघी आपण होऊन शेजारी बसायच्या ते फक्त आठवड्यातून एकदा, मालिकेला.

मालिका अंतराळातली. एक जहाज दूरच्या ताऱ्याकडे निघालेलं, पोचायला तीन पिढ्या लागणार. सगळे देखणे, सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले. टाचणी बघायची ते कपडे. "त्या कप्तानीण बाईला हात वर करता येणार नाही. काखेत कापडच नाही." नणंद बघायची स्वयंपाक्याला. जहाजाचा स्वयंपाकी म्हणजे भरदार आवाजाचा, किंचित टक्कल पडलेला गृहस्थ. कोण कुणावर रुसलंय हे ताटातलं उरलेलं बघून ओळखायचा.

"माणूस आहे हो हा," नणंद म्हणायची. अख्ख्या हयातीत तिने पुरुषाला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक. सख्ख्या भावालाही ते मिळालं नव्हतं.

शेवटच्या भागात जहाजाचं पोलादी दार बंद झालं आणि स्वयंपाकी दाराच्या चुकीच्या बाजूला राहिला. पाटी आली: पुढचा हंगाम पुढच्या वर्षी.

"पुढच्या वर्षी?" नणंद कडाडली. "तोवर तो काय दाराबाहेर उभा राहणार?"

आणि त्याच आठवड्यात तिच्या उजव्या, कामाच्या, एकुलत्या एका चांगल्या डोळ्याचा पडदा सुटला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण स्पष्ट होत्या. "आजी, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय. तो वर तरंगतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो. म्हणून पालथं झोपायचं. तोंड जमिनीकडे. जेवायला आणि न्हाणीघरात जायला काय ते उठायचं, तेही मान खाली घालून. मी सांगेपर्यंत. मान वर केलीत, पडदा परत सुटला, तर तो डोळा गेला समजा."

जन्मात कधी कुणापुढे मान खाली न घातलेल्या बाईला ही शिक्षा!

टाचणीने जुन्या मखमलीची, आत फोम भरलेली गोल उशी शिवली, मधे तोंडापुरतं भोक.

"हे काय? संडासाचं भांडं?" नणंदेने विचारलं.

"तोंड बसतंय का बघा आधी."

तोंड अगदी चपखल बसलं. नवऱ्याने पलंग पुढच्या खोलीत मशीनजवळ आणला, त्याच्या डोक्याकडची फळी काढली, उशी तिथे काठावर बांधली. नणंदेला आता जगातली एकच गोष्ट दिसत होती: फरशी. पहिल्याच दिवशी कुणी आलं का म्हणून तिने मान वर केली. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी मोजायला उठली. "मेलेलं प्रेतसुद्धा उताणं ठेवतात," ती ओरडली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि टाचणीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कड थोडी सुटलीये. असंच चाललं तर माझ्या हातात काही नाही. त्यांना गुंतवून ठेवा कशात तरी."

कशात? गाणी नको, बातम्या नको, कुणाशी बोलणं नको. मग नणंद उशीच्या भोकातून म्हणाली, "त्या मालिकेची पुस्तकं आहेत म्हणे. जुनी. त्यांत असेलच तो आत आला की नाही ते."

टाचणी वाचनालयात गेली. मागच्या कपाटात कादंबरी होती, चार जाडजूड खंड. लेखक जाऊन जमाना झालेला, पानं पिवळी, वास जुन्या अस्तराचा. पहिला खंड तिने परतीच्या बसमध्येच उघडला आणि दोन थांबे पुढे गेली.

कारण मालिकावाल्यांनी कापड सगळंच बदललं होतं, ठेवली होती फक्त बटणं. पुस्तकातली कप्तानीण गुडघे धरून चालणारी म्हातारी विधवा होती. प्रेमप्रकरण एकही नव्हतं. हवा कशी करायची, पाणी कसं राखायचं, बियाणं खराब झालं तर काय, यावर पानंच्या पानं होती, आणि विलक्षण गोष्ट म्हणजे ती सोडवत नव्हती. शिवणकामाचं पुस्तक वाचावं तसं. पण स्वयंपाकी? टाचणीने चारही खंड उलटसुलट चाळले. सापडलं ते अधूनमधून येणारं एकच वाक्य: "भिंतीतल्या यंत्रातून प्रत्येकाच्या ताटलीत करडी पेज पडली."

बस्स. तो भरदार आवाजाचा, जगातला एकमेव चांगला पुरुष, हे यंत्र होतं. भिंतीतलं.

टाचणीने आधी खरं सांगायचा प्रयत्न केला. "ताई, पुस्तकात जरा वेगळं आहे. म्हणजे तो स्वयंपाकी—"

"मेला?" उशीतून आवाज आला. "मेला असेल तर आत्ताच सांग. मी उठते. माझ्याच्याने हे पालथं पडणं व्हायचं नाही." आणि खरोखरच तिचे खांदे पलंगावरून वर यायला लागले.

"मेला नाही!" टाचणी घाईघाईने म्हणाली. "आत आला. झोपा तुम्ही."

खांदे खाली गेले.

टाचणीने मशीनपाशी जाऊन क्षणभर विचार केला. डोळा वाचवायचा तर ताईंची मान खाली हवी. मान खाली हवी तर स्वयंपाकी जिवंत हवा. आणि कुणाच्या मापाला न बसणारा कपडा अंगासारखा करून देणं हा तर तिचा धंदाच होता. पुस्तक उलटं करून बघायचं, माया कुठे आहे ते शोधायचं, आणि शिवण दिसू द्यायची नाही.

ती पलंगाच्या डोक्याशी बुटक्या स्टुलावर बसली आणि वाचायला लागली.

पेज पडली की तिथे स्वयंपाकी आला. कप्तानीण एकटी बसली असेल तिथे तो गरम काहीतरी घेऊन उभा राहिला. बियाण्यांच्या भांडणात तो दोन्ही बाजूंना जेवायला घालून मधे बसला. त्याच्या वाट्याला ती फार वाक्यं देत नसे. चांगलं अल्टरेशन कमीत कमी टाक्यांत होतं. नणंद "हं" म्हणायची, कधी उशीतल्या उशीत हसायची, आणि मान मात्र जागची हलायची नाही. नवरा कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "ताई, कशी आहेस?" तर "गप रे छोट्या, तिकडे पाणी संपत आलंय!" छोट्या पंचावन्न वर्षांचा होता. तो गपगुमान स्वयंपाकघरात जायचा आणि इथल्या पाण्याची टाकी बघून यायचा.

गिऱ्हाइकं तर चालूच होती. एकदा औषधांच्या दुकानाचे मालक आले. दुखण्यातून उठले होते, सगळ्या पँटी ढगळ झालेल्या. टाचणीने त्यांना स्टुलावर उभं केलं, गुडघ्यावर बसून तळाची दुमड धरली, ओठांत टाचण्या. पुस्तक मशीनवर उघडं. नणंदेला धीर निघेना.

"अगं, त्या स्वयंपाक्याने लपवून ठेवलेली पिठाची पिशवी सापडली की नाही कप्तानिणीला?"

औषधवाल्यांनी पुस्तकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! कॉलेजात असताना दोनदा वाचलीये मी ही! चारही खंड! पण यात स्वयंपाकी कुठला? यात तर—आई गं!"

"काय झालं?" नणंद.

"टाचणी लागली त्यांना," टाचणी म्हणाली. "हलले."

"मी कुठे हललो?" औषधवाले घोट्याकडे बघत पुटपुटले. टाचणीने पालथ्या पडलेल्या नणंदेकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्याकडे, मग हात जोडले. औषधवाले शहाणे गृहस्थ. त्यांनी क्षणभर विचार केला.

"हां हां, स्वयंपाकी," ते मोठ्याने म्हणाले. "विसरलोच होतो. फार महत्त्वाचं पात्र."

जाताना मात्र ते दारात वाकून कुजबुजले, "बाई, अहो हा अत्याचार आहे. मूळ लेखकाने असं कधी—मालिकावाल्यांनी वाट लावली तेवढी पुरे नाही का?"

"डोळा जोडला की उसवते," टाचणी म्हणाली. "शब्द देते."

"बरं. मग एक सांगून ठेवतो. चौथ्या खंडात त्या यंत्राला आग लागते. सांभाळा."

झालं! आता टाचणीच्या मानगुटीवर आगही बसली.

गंमत अशी की एव्हाना तिला स्वयंपाक्याचा थोडा कंटाळा यायला लागला होता. सकाळी दूधवाला यायच्या आधी ती पुढचं पान एकटीने, जसंच्या तसं वाचायची, आणि तिला वाटायचं, या पुस्तकाला कशाला हवाय माझा टाका? मी उगाच भलत्याच्या कोटाला खिसे लावत बसलेय. तिसऱ्या खंडात तर एक प्रकरण आलं. दिशा राखणारा म्हातारा मागे वळून दुर्बिणीतून बघतो आणि त्याला कळतं की ज्या सूर्याभोवती आपण जन्मलो तो आता इतर ताऱ्यांतून वेगळा ओळखू येत नाही. हरवला. तो कुणाला सांगत नाही. संध्याकाळी मुलं येतात, घर दाखवा म्हणतात, तेव्हा तो समोर येईल त्या ताऱ्याकडे बोट करतो. प्रत्येक मुलाला वेगळा तारा. सगळी मुलं समाधानाने झोपायला जातात. प्रकरण संपलं.

इथे नियमाप्रमाणे स्वयंपाकी यायला हवा होता. सबंध दिवसात तो एकदाही आलेला नव्हता. म्हाताऱ्याजवळ एक पेला ठेवून तो सहज उभा राहिला असता. टाचणी त्या ओळीपाशी आली, थबकली, आणि पुढे जसंच्या तसं वाचत गेली. पुस्तक मिटलं.

ताई उठतात की काय, म्हणून टाचणीचा जीव खालीवर. उशीतून एक लांब श्वास आला फक्त.

"पाणी दे," नणंद म्हणाली. मग, "उद्या पुढचं."

आग आली ती नेमकी शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी. पुस्तकात दोनच ओळी होत्या: यंत्राला आग लागली, ते पुन्हा सुरू झालं नाही, आणि त्या दिवसापासून जो तो रांधायला शिकला. टाचणी 'आग लागली' एवढं वाचून थांबली.

"आता हा मरणार का?" नणंदेने सरळ विचारलं. खांदे ताठ झालेले.

"ऐका तर," टाचणी म्हणाली. "आग लागली. भांडी वितळली. सगळे धावले. तो बाहेर आला तो दोन्ही हात भाजलेले. आता त्याला पळी धरता येईना. मग तो काय करतो? एक स्टूल घेतो, मधोमध बसतो, आणि सगळ्यांना हुकूम सोडतो. तू हे चिर. तू ते ढवळ. अरे गाढवा, झाकण ठेव! अशा तऱ्हेने सगळं जहाज रांधायला शिकलं."

उशी गदगदायला लागली. "माझ्यासारखाच की गं!"

"तुमच्याइतका नाही. तो मधून मधून श्वास घ्यायचा."

"हसवू नकोस! डोळा हलतो!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भिंगातून इतका वेळ पाहिलं की नवरा दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मग त्या म्हणाल्या, "चिकटला. चांगला चिकटला. आजी, बसा सरळ." नणंदबाईंना सरळ बसण्याचं कौतुक ते काय! घरी येईपर्यंत नणंद रिक्षात राणीसारखी मान वर करून बसली होती आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला तिकीट विचारेल अशी बघत होती.

घरी आल्यावर चहाचा कप हातात घेऊन ती टाचणीसमोर खुर्चीत बसली. इतक्या दिवसांनी समोरासमोर. पण बघत होती खाली.

"काय बघताय, ताई?"

"पाय. ओळख झालीये चांगली. डाव्या अंगठ्याचं नख जरा कापत जा."

"इश्श!"

"आता खात्याचं गुपित सांगते, ऐक. माणसाचं तोंड खोटं बोलायला शिकतं. पाय शिकत नाहीत. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर कितीही निवांत बघू दे, त्याचे पाय दाराकडे वळलेले असतात. मी जन्मभर पाय बघितले. आणि तुम्ही मला पालथं पाडून, या आळशी डोळ्यासमोर दुसरं काय ठेवलंत? तुझे पाय! स्वयंपाकी आला की उजवा पाय चालू. स्वयंपाकी गेला की बंद."

टाचणीच्या ओठांत टाचण्या नव्हत्या म्हणून बरं. "म्हणजे पहिल्यापासून—"

"पहिल्या पानापासून. शिवण दिसत नव्हती हो तुझी. पाय दिसत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू ओशाळून थांबली असतीस. तू थांबलीस तर मी उठणार. मी उठले तर डोळा जाणार. माझं मला कळत नाही होय, मी किती वेळ गप पडते ते?" तिने चहाचा घोट घेतला. "आणि खरं सांगू, मला बघायचं होतं पुढच्या वेळी कुठून घुसवतेस त्याला. पण त्या ताऱ्यांच्या म्हाताऱ्यापाशी मी नुसती तुझ्या पायाकडे बघत होते. म्हटलं, आता हलणार. आता येणार पेला घेऊन. नाही हलला."

"तिथे नको वाटलं."

"बरं केलंस," नणंद म्हणाली. "आता ते आण इकडे चारही. खरं काय लिहिलंय त्याने ते मला वाचू दे."

तिने भिंग घेऊन, नव्याने जोडलेल्या डोळ्याने, रोज थोडं थोडं करून चारही खंड वाचले. मधेच ओरडायची, "अगं, पिठाची पिशवी यात नाहीच!" आणि पुढच्या खोलीतून टाचणी म्हणायची, "माझी होती ती." औषधवाले आता पँटीचं निमित्त न करताही येत, आणि त्या मागच्या कपाटातल्या बाकीच्या जुन्या कादंबऱ्या तिघांत फिरायला लागल्या. त्यांचं म्हणणं एकच: मुळाला हात लावू नये. टाचणीचंही म्हणणं एकच: माणसाला बसत नसेल तर लावावा, फक्त मूळ कपडा फाडू नये. नणंद दोघांनाही गप करायची, कारण तिला पान पूर्ण करायचं असायचं.

वर्षाने मालिकेचा पुढचा हंगाम आला. दोघी बसल्या. दार उघडलं. स्वयंपाकी आत आला तो इस्त्रीचा कोट घालून, केसांचा नवा टोप चढवून, आणि कप्तानिणीला त्याने सरळ मिठीच मारली.

नणंदेने डोळे बारीक केले. "हात बघ याचे."

"काय झालं हातांना?"

"कुठे काय झालंय? एक डाग नाही भाजल्याचा. हा आपला नव्हे."

"नव्हेच."

"आवाज बंद कर त्याचा," नणंद म्हणाली आणि खुर्ची वळवून टाचणीकडे तोंड करून बसली. "हं. स्टुलावर बसून हुकूम सोडत होता. पुढे?"

टाचणीने पडद्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. "पुढे काय? हात बरे झाले त्याचे. पण स्टूल काही सोडेना..."

आणि खाली तिचा उजवा पाय चालू झाला.